जवसाची चटणी, पापड पॅक करण्याआधी : लेबलची तयारी

बचत गटाचा माल गावच्या बाजारातून उठून नागपूर-अमरावतीच्या दुकानात जाणार असेल, तर स्टिकर छापायला टाकण्याआधी हे वाचून घ्या, बायांनो. पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, हिरवा ठिपका, पत्ता हे सगळ्यांना ठाऊक आहे. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर मात्र सर्टिफिकेट समोर ठेवून एकेक आकडा जुळवा. लहान उद्योगाच्या नोंदणीचा नंबर 2 ने सुरू होतो, लायसनचा 1 ने. दुसऱ्या गटाचं लेबल नमुना म्हणून घेतलं की त्यांचाच नंबर छापून येतो.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे: जवस, शेंगदाणे, तीळ, तिखट, मीठ. 'इत्यादी' चालत नाही.

आता अ‍ॅलर्जीची ओळ. मागच्या खेपेला आमची हीच राहिली, म्हणून पुन्हा पुन्हा सांगणार. घटकांत शेंगदाणे आले म्हणजे काम झालं, असं नाही. 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे 'यात शेंगदाणे आहेत' हे वेगळं छापावं लागतं. गहू, दूध, सोयाबीन, काजू-बदाम, अंडी, मासे यांचंही तसंच. उडदाच्या पापडात गहू कुठून येणार, असं वाटेल. हिंगातून येतो! बाजारातल्या हिंगात बहुधा मैदा असतो, म्हणून हिंगाच्या डबीवरचे घटक आधी वाचा. आणि कांडप यंत्र एकच असेल, सकाळी शेंगदाणे नि दुपारी नुसती जवस निघत असेल, तर जवसाच्या पाकिटावरही 'शेंगदाण्याचा अंश असू शकतो' हे टाका. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या लेकराचा चिमूटभर चटणीनेही श्वास कोंडतो, जिवावर बेततं. त्याची आई दुकानात उभी राहून तीच एक ओळ शोधते. ती ओळ आधी लिहा, बाकीची सजावट मग.

भाषा: एकट्या मराठीत छापू नका. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवाच, मराठी त्याच्या जोडीला. अ‍ॅलर्जीची ओळही दोन्ही भाषांत, विसरू नका.

पोषणाचा तक्ता 100 ग्रॅमला: ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर, वरून घातलेली साखर, फॅट (एकूण, सॅच्युरेटेड, ट्रान्स), कोलेस्टेरॉल, सोडियम. हे आकडे इंटरनेटवरून उचलू नका. तुमच्या चटणीत मीठ जास्त असेल तर सोडियम इंटरनेटवरच्या आकड्यासारखं कसं येईल? आपलाच माल प्रयोगशाळेत द्या.

तारखेत नुसतं 'बेस्ट बिफोर' पुरत नाही, तयार केल्याची तारीख आणि 'यूज बाय' (या तारखेपर्यंतच वापरा) दोन्ही हवेत. बॅच नंबर शिक्क्याने मारा. कोणत्या घाण्यातला माल बिघडला ते त्यावरूनच कळतं. एमआरपी सर्व करांसह. तक्रारीसाठी फोन.

'शुगर बरी करते' असलं काही लिहू नका, बंदी आहे. 'सेंद्रिय' प्रमाणपत्र असेल तरच. चुकीच्या लेबलला कायद्यात 3 लाखांपर्यंत दंड आहे.

प्रूफ (छापण्याआधीचा नमुना) दोघींनी वाचा, एकीने मोठ्याने. अ‍ॅलर्जीची ओळ सापडल्याशिवाय छपाईवाल्याला हो म्हणू नका.