अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि आहार: आतड्यातले जिवाणू सांभाळताना या चुका टाळा

फेब्रुवारीत निफाडला मावसबहिणीकडे गेले होते. तिचा मुलगा एक कापडी पिशवी घेऊन माझ्यासमोर बसला आणि त्यातली एकेक वस्तू सतरंजीवर मांडायला लागला. तीन प्रकारच्या प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत, उपयोगी जिवाणूंच्या) कॅप्सूल, हळदीच्या गोळ्यांची बाटली, ग्लुटेन नसलेलं पीठ आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या तपासणीचा बारा पानी अहवाल. पोरगं चोवीस वर्षांचं, सहा महिन्यांत नऊ किलो वजन उतरलेलं. सकाळी पेज, दुपारी ताकभात, रात्री पुन्हा पेज. "मावशी, जिवाणू ताळ्यावर आले की हे मुळापासून जाईल ना? मग गोळी कशाला?"

मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज उतरवणारी रोजची गोळी, त्याने दिवाळीलाच बंद केली होती.

त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण होतात. मलाही हा आजार 2014 पासून आहे. त्या पिशवीतली बहुतेक प्रत्येक वस्तू कधी ना कधी माझ्या कपाटात येऊन गेली आहे. त्या दुपारी त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

जिवाणूंच्या भरवशावर गोळी सोडणं

जिवाणूंची गोष्ट खोटी नाही. निरोगी मोठ्या आतड्यात काही जिवाणू आपण न पचवलेला चोथा (फायबर) आंबवतात आणि त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना सुमारे 70 टक्के ऊर्जा त्यातूनच मिळते. कोलायटिसच्या रुग्णांमध्ये नेमके हेच जिवाणू कमी झालेले आढळतात. त्यात फीकॅलिबॅक्टेरियम हे नाव वारंवार येतं.

पण दुसरी बाजूही बघा. या जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही. निरोगी अस्तर ब्युटिरेट जाळताना प्राणवायू वापरून टाकतं, म्हणून आतली पोकळी त्यांना मानवते. अस्तराला सूज आली की प्राणवायू आत झिरपतो, हे नाजूक जिवाणू मरतात आणि प्राणवायूत तग धरणारे माजतात. म्हणजे जिवाणू बिघडल्याने सूज वाढते आणि सुजेमुळे जिवाणू बिघडतात. सूज उतरवायचं काम औषध करतं. सूज तशीच ठेवून जिवाणूंना खाऊ घालणं म्हणजे वाफसा नसलेल्या रानात पेरणी करणं.

2016 मध्ये मी हीच चूक केली. तीन महिने बरं वाटत होतं आणि आहारावर भागेल असं एकांनी छातीठोक सांगितलं होतं, म्हणून गोळी थांबवली. पाचव्या आठवड्यात आव-रक्त सुरू झालं. हिमोग्लोबिन 7.8 वर आलं आणि पुढचे तीन महिने स्टिरॉइडवर गेले. बरं वाटतं ते पुष्कळदा गोळी चालू असते म्हणूनच. कमी करायची असेल तर पोटविकारतज्ज्ञाशी बोलून, तपासण्या बघून करा.

बिघडलेल्या आणि शांत आतड्याला एकच ताट

माझ्या मते आहारातली सगळ्यात मोठी चूक ही आहे आणि ती दोन्ही बाजूंनी होते. कुणी आजार उसळलेला असताना "फायबर चांगलं" म्हणून मोड आलेली मटकी आणि सॅलड खातं. कुणी सहा महिन्यांपूर्वी थांबलेल्या रक्ताच्या धास्तीने अजून पेजेवरच असतं. माझा भाचाही पेजेवरच अडकलेला.

नागलीवरून सांगते. पेठ-सुरगाण्याकडची नागली आमच्याकडे वर्षाची भरतात. सासूबाई तिचं सत्त्व करतात. नागली रात्रभर भिजवायची, सुती फडक्यात बांधून मोड आणायचे, पाणी घालून वाटायची आणि पातळ फडक्यातून गाळायची. खालच्या पातेल्यात दुधासारखं पाणी उतरतं. चारपाच तास हलवलं नाही की तळाशी पांढुरकं सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून टाकायचं, सत्त्व ताटात पसरून वाळवायचं. फडक्यात तांबडा, खरखरीत चोथा उरतो.

सगळा प्रश्न त्या चोथ्याचा आहे. दिवसातून आठ वेळा संडासला धावावं लागतंय, कुंथावं लागतंय, तेव्हा तो नको. त्या दिवसांत सत्त्वाची लापशी, मऊ भात, मुगाच्या डाळीचं घोटलेलं वरण, साल काढून शिजवलेला दुधी, उकडलेला बटाटा चालतो. पण आतडं शांत झाल्यावरही चोथा टाकतच राहिलात, तर जिवाणूंच्या तोंडचा घास काढून घेता. तेव्हा त्याच नागलीची भाकरी हवी.

मधला पूल हळूहळू बांधावा लागतो. मी एका वेळी एकच नवा पदार्थ घेते, पहिल्या दिवशी दोन चमचे, आणि तीन दिवस तोच. सुरुवात शिजवलेलं गाजर, लाल भोपळा, पिकलेलं केळं, पपई यांपासून. मग ओट आणि सालीच्या मुगाची मऊ खिचडी, मग मुगाची उसळ, मग भाकरी. मटकी आणि हरभरा सगळ्यात शेवटी. गॅस झाला तर प्रमाण कमी करा, पदार्थ कायमचा सोडू नका. गॅस म्हणजे सूज नव्हे.

पेजेवर राहण्याचा आणखी एक तोटा प्रथिनांचा. आजार उसळलेला असताना शरीराला दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, शांत असताना साधारण 1 ग्रॅम. भाचा तेव्हा 52 किलोचा होता, म्हणजे त्याला साठ ते ऐंशी ग्रॅम हवी होती. पेज-ताकात त्याच्या निम्मीही जात नव्हती. अंडी, पनीर, दही, मऊ शिजलेला मासा यातलं जे घरात चालतं ते चालू ठेवा. दूध सोसत नसेल तरच बंद करा, कारण स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या हाडांना कॅल्शियम लागतं. गव्हाचंही तसंच. सीलियाक आजार (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा) तपासणीत निघाला नसेल, तर चपाती सोडून कोलायटिस बरा होतो याला आधार नाही.

इसबगोलाबद्दल लोक नेहमी विचारतात. 1999 मध्ये स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजार शांत असलेल्या 105 रुग्णांना वर्षभर इसबगोलाचं बी, मेसालामाइन किंवा दोन्ही दिलं. आजार उलटण्याचं प्रमाण अनुक्रमे 40, 35 आणि 30 टक्के होतं. अभ्यास छोटा असला तरी आशादायक आहे. पण तो शांत काळातल्या रुग्णांवर झाला आणि कमी त्रास दोन्ही घेणाऱ्यांना झाला, हे विसरू नका. चमचाभरापासून सुरू करा, पाणी भरपूर प्या. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रोबायोटिक म्हणजे प्रोबायोटिक, कुठलंही चालेल

चालत नाही. लुधियानातल्या डॉक्टरांच्या 2009 च्या अभ्यासात ज्या मिश्रणाचा उपयोग झाला, त्याची मात्रा दिवसातून दोनदा 3,600 अब्ज जिवाणू इतकी होती, तीही बारा आठवडे. मेडिकलमधली साधी कॅप्सूल काही अब्जांची असते आणि आतले जिवाणूही बहुधा वेगळेच. आजार शांत ठेवण्यासाठी उपयोग दिसलेला दुसरा जिवाणू म्हणजे ई. कोलाय निसल 1917. दही जरूर खा, ते उत्तम अन्न आहे, पण त्याच्याकडून औषधाची अपेक्षा धरू नका. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल, तर कुठलीही प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

भाच्याच्या त्या बारा पानी अहवालाचं काय करायचं? काहीच नाही. अशा चाचणीवरून कोलायटिसचं औषध किंवा आहार ठरवण्याइतकं शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही. तेवढ्या पैशात मलातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की वाढणारं प्रथिन) तपासून होतं आणि ते खरंच कामाला येतं. दर ग्रॅममागे 150 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल आणि त्रासही नसेल, तर सूज बहुधा शांत आहे. 250 च्या वर असेल तर सूज असण्याचा संशय घ्यावा लागतो.

हळदीच्या दुधाला औषध समजणं

हळदीतल्या कर्क्युमिनवर बरे अभ्यास आहेत. जपानमध्ये 2006 च्या अभ्यासात नेहमीच्या औषधासोबत रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांचा आजार सहा महिन्यांत कमी उलटला. पण घरच्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम 3 टक्के असतं. 2 ग्रॅमसाठी रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, तेव्हा फायदा दिसला नाही. मिरी मिसळलेल्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घ्यायच्याच असतील तर यकृताच्या तपासण्या करत घ्या.

मलरोपणाचा घरगुती प्रयोग

निरोगी माणसाचा मल प्रक्रिया करून रुग्णाच्या आतड्यात सोडतात, त्याला मलरोपण म्हणतात. आहार आणि जिवाणू या विषयावरचं आपल्या देशातलं महत्त्वाचं काम यातच झालं आहे. एम्सच्या डॉक्टरांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 66 रुग्णांचे निष्कर्ष तपासले. एका गटाला सात आठवडे दर आठवड्याला मलरोपण आणि सोबत सूज कमी करणारा आहार, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात 60 टक्के रुग्णांचा आजार शांत झाला, दुसऱ्यात 32 टक्क्यांचा. पुढे तो आहार चालू ठेवलेल्यांपैकी 25 टक्क्यांची सूज 48 आठवड्यांनाही पूर्ण उतरलेली होती. आहाराचं वजन इथे दिसतं, आणि त्याची मर्यादाही. शिवाय हे रुग्ण सौम्य ते मध्यम आजाराचे होते.

हे वाचून कुणी घरच्या घरी करू पाहतं. कृपा करून करू नका. 2019 मध्ये अमेरिकेत मलरोपणातून औषधांना न जुमानणारा जिवाणू गेला आणि एक रुग्ण दगावला. त्यानंतर तिथल्या सरकारी औषध यंत्रणेला इशारा द्यावा लागला.

रक्त दिसलं की मिसळीवर खापर

रविवारी मळ्यातली काळ्या रश्श्याची मिसळ खाल्ली, सोमवारी रक्त पडलं, दोष मिसळीचा. मिरची झोंबते, जुलाब वाढवते, पण मोठ्या आतड्यात व्रण करत नाही. खाणं आणि औषधं लिहायची माझी एक वही आहे, अशा वेळी मी तिच्यात मागचे पंधरा दिवस उलटून बघते. गोळ्या चुकल्या का? गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं का? या वेदनाशामकांनी आजार उसळू शकतो आणि कॅलप्रोटेक्टिनही वाढतं. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल बरं. नुकतंच अँटिबायोटिक झालं का? त्यानंतर क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल (पूर्वीचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) नावाचा जंतू माजू शकतो आणि लक्षणं हुबेहूब कोलायटिससारखी दिसतात. आपल्याकडे अमिबाही असतो आणि आतड्याचा क्षयही. म्हणून मलतपासणीआधी घरात उरलेली स्टिरॉइडची गोळी सुरू करू नका. आव पडतेय म्हणून मेट्रोनिडाझोलचे कोर्सवर कोर्सही नकोत. आजार जोरात असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाइड घेतली तर आतडं फुगून जिवावर बेतू शकतं.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि सोबत 37.8 अंश सेल्सियसच्या वर ताप किंवा नाडी 90 च्या वर असेल, तर ताटाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी. निफाडहून नाशिकला यायला तासभर लागतो. भाच्याच्या घरी मी हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलं आहे.

उपवासाचं थोडक्यात: श्रावणी सोमवार असो की नवरात्रात वणीला जायचं असो, गोळी उपवासाला चालते.

भाच्याने त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून मेसालामाइन पुन्हा सुरू केलं. मार्चच्या शेवटी त्याचा फोन आला. रक्त थांबलं होतं, वजन दोन किलो वाढलं होतं आणि घरामागच्या बागेत शेवटची द्राक्षं उतरवायचं काम चालू होतं. "मावशी, खाऊ का?" म्हटलं, पाच मणी, साल काढून, जेवणानंतर, तीन दिवस. काही झालं नाही तर चौथ्या दिवशी एक सालीसकट, आणि वहीत तारीख टाक.