भेंडीच्या हळद्या रोगाचा विषाणू जनुकीय क्रमावरून कसा ठरवावा

भातकापणीनंतर मुरबाड-शहापूरकडे होणाऱ्या भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की शेतकरी त्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. मुंबई इलाख्यातून या रोगाची नोंद 1924 मध्येच झाली होती. मात्र पिवळ्या शिरा पाहून विषाणूचे नाव सांगता येत नाही, कारण पांढऱ्या माशीमार्फत पसरणारे एकाहून अधिक बेगोमोव्हायरस (वनस्पतींवरील डीएनए विषाणूंचा एक वंश) भेंडीवर जवळजवळ सारखीच लक्षणे दाखवतात. ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयीन प्रयोगशाळांत हे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत मांडली आहे.

नमुना शेतातूनच घ्यावा. वाशीच्या घाऊक बाजारातील मालाचे गाव खात्रीने सांगता येत नाही आणि गाव, तारीख, वाण यांची नोंद नसलेल्या क्रमाचा पुढे फारसा उपयोग होत नाही. शेंड्याकडील कोवळे, नुकतेच पिवळे पडू लागलेले पान निवडून त्याचे छायाचित्र घ्यावे, पान टिपून कोरडे करावे आणि सिलिका जेलसह बंद पिशवीत ठेवावे. आपल्याकडच्या दमट हवेत ओले पान लवकर कुजते आणि डीएनए तुटतो. तुलनेसाठी त्याच शेतातील निरोगी झाडाचे पानही सोबत घ्यावे.

खरी अडचण डीएनए वेगळा करताना येते. भेंडी चिरताना हाताला लागणारा बुळबुळीत चिकटपणा पानातही असतो, तो डीएनएसोबत खाली बसतो आणि पुढची विकरे (एन्झाइम) अडवतो. म्हणून सीटॅब पद्धतीत (सीटॅब या रसायनाने वनस्पतीचा डीएनए वेगळा करण्याची पद्धत) मिठाचे प्रमाण नेहमीच्या 1.4 मोलरहून वाढवावे, क्लोरोफॉर्मने पुन्हा धुवावे आणि पारदर्शक गोळ्यासारखा गाळ दिसल्यास तो डीएनए समजून पुढे जाऊ नये. मोजणीत 260 आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचे, म्हणजे प्रथिनांची भेसळ दाखवणारे 260/280 गुणोत्तर 1.8 च्या आसपास असले तरी चिकट शर्करांसारखी भेसळ दाखवणारे 260/230 गुणोत्तर पाहिल्याशिवाय नमुना स्वच्छ मानू नये.

या विषाणूचा जीनोम (संपूर्ण जनुकीय क्रम) सुमारे 2.7 हजार न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, एकपदरी आणि वर्तुळाकार असल्यामुळे फाय-29 पॉलिमरेज हे डीएनएच्या प्रती करणारे विकर वापरून 30 अंश सेल्सिअसला रात्रभर तो वाढवता येतो. मग वर्तुळ एकाच ठिकाणी कापणारे निर्बंधन विकर (ठरावीक क्रमावर डीएनए कापणारे) शोधावे, जेलवर 2.7 हजारांची पट्टी दिसली की ती क्लोन करून (जिवाणूत वाढवून) सँगर पद्धतीने, म्हणजे एकेका तुकड्याचा क्रम, वाचावी. एका वाचनात साधारण 700 ते 900 अक्षरेच भरवशाची मिळतात, म्हणून पुढचे प्रायमर (वाचन सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) टप्प्याटप्प्याने आखून दोन्ही बाजूंनी वाचन पूर्ण करावे. वाढवलेला डीएनए डीएनएचे लांब तुकडे वाचणाऱ्या नॅनोपोअर यंत्रावर थेटही वाचता येतो, परंतु त्यात जीनोमच्या प्रती एकामागोमाग जोडलेल्या असल्याने त्या वेगळ्या करून एकमत क्रम काढावा लागतो. विषाणूसोबत राहणारा सुमारे 1.35 हजारांचा बीटासॅटेलाइट हा छोटा डीएनएही शोधावा. या रोगाची खरी लक्षणे उमटण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

वर्गीकरणाआधी एक काम हटकून करावे. वर्तुळाला आरंभ नसतो, त्यामुळे टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी या नऊ अक्षरांतील शेवटच्या ए-सीपासून आपला आणि तुलनेचे सर्व क्रम सुरू करावेत. हे न केल्यास एकाच विषाणूचे दोन क्रमही परके वाटतात.

ब्लास्टने (क्रम माहितीसाठ्यातील क्रमांशी ताडणाऱ्या साधनाने) जवळचे नातेवाईक कळतात, नाव ठरत नाही. त्या नातेवाइकांचे पूर्ण क्रम घेऊन मसल या संगणकीय पद्धतीने जोडी-जोडीने जुळवावेत आणि रिकाम्या जागा वगळून साम्य काढावे. ज्ञात प्रजातीच्या कोणत्याही एका आयसोलेटशी (एका नमुन्यातून मिळालेल्या विषाणूशी) साम्य 91 टक्के किंवा अधिक असेल, तर विषाणू त्याच प्रजातीचा. मात्र त्या प्रजातीच्या सर्व आयसोलेटांशी साम्य 94 टक्क्यांखाली असेल तर त्या प्रजातीतील नवा स्ट्रेन (उपप्रकार). दोन प्रजातींशी 91 टक्क्यांहून अधिक साम्य आल्यास ज्याच्याशी सर्वाधिक साम्य त्या प्रजातीत तो ठेवावा. साम्य 91 टक्क्यांखाली आल्यास घाईने नवी प्रजाती जाहीर करू नये: आधी वाचनातील चुका आणि दोन विषाणूंचे तुकडे चुकून जोडले गेले आहेत का हे तपासावे, मग खरे पुनर्संयोजन (दोन विषाणूंच्या जनुकीय भागांची निसर्गतः सरमिसळ) आहे का ते पाहावे, कारण बेगोमोव्हायरसांत ते वारंवार घडते.

हे आकडे मात्र याच वंशाचे आहेत. पपईच्या रिंगस्पॉटसारखा पॉटिव्हायरस (विषाणूंचा दुसरा वंश) आरएनएचा असतो आणि त्याच्या संपूर्ण कोडिंग भागासाठी 76 टक्क्यांची सीमा धरली जाते. तिथे फाय-29 ची पद्धत चालत नाही, आरएनए वेगळा करून त्याचा आधी सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) करावा लागतो.