रेसिंग ड्रायव्हरचं करिअर कसं वाचायचं? प्रोस्टचं घेऊन बघू

सांगलीत आमच्याकडं रविवारी संध्याकाळी साडेसहाला फॉर्म्युला वनची (एफ वन) युरोपातली कार रेस लागली की भडंगाचा पुडा फुटायच्या आधी वाद फुटतो, कोण भारी, आणि जो तो मोबाईलवर जिंकलेल्या रेसचा आकडा काढून दाखवतो. आकड्यावरनं ड्रायव्हर कळत नाही ओ. फ्रान्सचा अ‍ॅलेन प्रोस्ट घ्या: 199 रेस, 51 विजय, 4 वर्ल्ड टायटल. आता हे वाचायचं कसं ते सांगतो.

एक कोरा कागद घ्या आणि वर्ष, टीम, टीममेट, त्या सालचे पॉइंट असं लिहून काढा. यातला टीममेटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पुसेगावच्या शर्यतीत गाडा फायनलला गेला तर बैलांचं कौतुक करायचं का ड्रायव्हरचं, हा वाद आपल्याला नवा नाही, इथं पण तेच, फक्त एक सोय आहे की तसलीच गाडी त्याच टीमच्या दुसऱ्या ड्रायव्हरकडं, म्हणजे टीममेटकडं पण असते. प्रोस्टच्या शेजारी कोण कोण होतं बघा, लाउडा, रोसबर्ग, सेना, मॅन्सेल, डेमन हिल, पाचही जण कधी ना कधी वर्ल्ड चॅम्पियन. एवढी तगडी माणसं शेजारी असताना काढलेले 51 विजय म्हणजे चेष्टा नाही.

मग त्या सालचा पॉइंटचा नियम शोधा, हे बहुतेक जण करतच नाहीत. 1988 ला प्रोस्टनं 7 रेस जिंकल्या, 7 वेळा दुसरा आला, बेरीज 105. सेनाची 94. तरी चॅम्पियन सेना, कारण 16 पैकी फक्त चांगले 11 निकाल धरायचे, मग सेना 90 आणि प्रोस्ट 87. 1984 तर त्याहून वाईट, टायटल अर्ध्या पॉइंटनं गेलं, लाउडा 72 आणि हा 71.5. मोनॅकोची रेस पावसानं मध्येच थांबवली म्हणून जिंकूनही प्रोस्टला 9 च्या जागी साडेचारच पॉइंट मिळाले. रेस पूर्ण झाली असती आणि हा दुसरा जरी आला असता तरी 6 मिळाले असते, म्हणजे टायटल त्याचं! असलं काहीतरी सापडलं की मला लई मजा येते.

पावसातले निकाल वेगळे बघा. 1988 ला सिल्व्हरस्टोनला, 1989 ला अ‍ॅडलेडला त्यानं पावसात स्वतःहून गाडी बाजूला घेऊन रेस सोडली, लोक त्याला घाबरट म्हणतात. पण 1982 ला हॉकेनहाइमला पावसातच फेरारीचा ड्रायव्हर पिरोनीची गाडी मागनं याच्याच गाडीवर आदळली, पिरोनीचे पाय गेल्यात जमा झाले आणि त्याचं एफ वन करिअर तिथंच संपलं. हे माहीत असलं की घाबरट म्हणायला जीभ रेटत नाही, निदान माझी तरी.

एफ वनच्या आधीचं पण थोडं चाळा, चौदाव्या वर्षी कार्टिंग (छोट्या गाड्यांची रेस), मग एफ वनच्या खालच्या पायऱ्या, 1976 ला फॉर्म्युला रेनॉ, 1979 ला एफ थ्रीचं (फॉर्म्युला थ्री) युरोपियन टायटल, बास. आणि कागदावर एखादं वर्ष मोकळं दिसलं तर सोडू नका, 1992 मोकळं का? तर 1991 ला फेरारीच्या गाडीला ट्रक म्हणाला म्हणून टीमनं शेवटच्या रेसआधीच काढून टाकलं, मग वर्षभर घरी बसला आणि 1993 ला विल्यम्समधनं येऊन टायटल घेऊन रिटायर.

हे जमलं की पुढचा कागद फ्रान्सच्याच जाँ अलेसी या ड्रायव्हरचा करा. विजय एकच, 1995 कॅनडा, म्हणून लोक त्याला किरकोळीत काढतात. सुरुवात 1991 पासनं करा, त्या वर्षी तो फेरारीत प्रोस्टचाच टीममेट होता, पॉइंट प्रोस्टचे 34 आणि अलेसीचे 21.