टोचन की पाना?

मी ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो २००८ साली, गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात. खाण ते जेटी, जेटी ते खाण. तिथे गाडी बिघडली तर डोकं चालवायची वेळच येत नसे. मागे खनिजाच्या ट्रकांची रांग हॉर्न मारत उभी असायची. बंद गाडी मागच्याने हळूच ढकलून कडेला लावायची, कुणीतरी मोटारसायकलवरून मिस्त्रीला आणायचं, की खेपा पुन्हा चालू. चार वर्षांत मी ताडपत्री बांधायला आणि मिस्त्रीच्या हातात बरोबर नंबरचा पाना द्यायला शिकलो. बिघाड ओळखायला शिकलोच नाही. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि आमच्यातले बरेच जण लाइनवर, म्हणजे लांबच्या गावांच्या वाहतुकीवर गेले. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर. लाइनवर मिस्त्री शेजारी बसलेला नसतो.

आता स्वतःच्या दोन गाड्या आहेत. या धंद्यात नव्याने येणारी पोरं विचारतात, गाडी बंद पडली तर टोचन करायची, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून न्यायची, की तिथेच खोलायची? ती समजतात, हा प्रश्न आपल्या हातातल्या कसबाचा आहे. मीही तसंच समजायचो.

लाइनवरचा माझा दुसरा पावसाळा. बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाटाने येत होतो. गाडी दादांच्या हातात, मी क्लीनर. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. उतार लागायच्या आधीच त्या हवेचा काटा खाली यायला लागला आणि बझर वाजू लागला. दादांनी गाडी कडेला घेतली. मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप घासून घासून चिरला होता, त्यातून सूं सूं हवा जात होती. मी सायकलची ट्यूब कापली, तीन वेढे दिले, वरून तार आवळली. इंजिन चालू केलं तर काटा सहावर जाऊन थांबला. मला कोण आनंद! दादा केबिनमधून खाली उतरले, त्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, "झकास. आता तू चालव, मी इथेच उतरतो. खाली साखळीत पोचलास तर फोन कर."

आम्ही तिथेच थांबलो. उजाडल्यावर एकजण नवा पाइप घेऊन आला. अर्ध्या तासाचं काम होतं. टोमॅटो थोडे नरम पडले, व्यापाऱ्याने शिव्या दिल्या.

तेव्हापासून मी आधी बघतो की गाडी थांबेल का. चालू होईल का, हे नंतर. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांचे हब, या तिघांत जुगाड करायचा नाही. तिथे एकतर योग्य पार्ट घालायचा, नाहीतर गाडी उचलून न्यायची. फॅनबेल्ट तुटला, डिझेलने हवा धरली, फ्यूज उडाला, कूलंटचा होज टोकाशी फुटला, असल्या गोष्टी मात्र क्लीनरलाही जमल्या पाहिजेत. यासाठी क्रेन बोलावणारा ड्रायव्हर मालकाला परवडत नाही.

हवा धरण्याचंच घ्या. नव्या पोरांना सर्वांत जास्त घाबरवणारा आणि सर्वांत सोपा बिघाड. टाकी तळाला गेली किंवा डिझेल फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते. स्टार्टर जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही, आणि पोरगं बॅटरी उतरेपर्यंत चावी मारत बसतं. माझ्या जुन्या गाडीला फिल्टरजवळ हातपंप होता. त्याच्या डोक्यावरचा स्क्रू दीड आटा सैल करायचा आणि पंप दाबत राहायचं. आधी नुसती फुसफुस. मग साबणाच्या फेसासारखं पांढुरकं डिझेल. अंगठा दुखायला लागतो, तेव्हा कुठे फेस संपून स्वच्छ, बुडबुडा नसलेली धार येते. पंप चालू ठेवूनच स्क्रू आवळायचा. मग स्टार्टर दहा-पंधरा सेकंद, थोडी विश्रांती, पुन्हा दहा-पंधरा सेकंद. इंजिन दोनदा खोकतं आणि धरतं. पहिल्यांदा हे एकट्याने केलं ते उसगावजवळ. डिझेलने माखलेल्या हातानेच चहा प्यायलो होतो.

पण हे जुन्या पंपाच्या गाडीचं झालं. कॉमनरेल इंजिनात इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांमध्ये हजार बारच्या वर दाब जातो. इंजिन चालू असताना तिथला नट सैल केला तर डिझेलची सुईसारखी धार कातडी फोडून आत शिरते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, पण हॉस्पिटल गाठावं लागतं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर सेन्सर, डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव), धुराचा फिल्टर असा वेगळाच संसार आहे. डीईएफ संपलं की गाडी मुद्दाम ताकद कमी करते. तिथे पाना चालत नाही, डीईएफ ओतावं लागतं. टाकीत पाणी घालून फसवायचा सल्ला ढाब्यावर फुकट मिळतो, बिल नंतर येतं.

गाडी कुठे उभी आहे, याचा विचार बिघाडाइतकाच करावा. वेर्ण्याच्या पठारावर बंद पडली तर निवांत खोला. मोकळी जागा आहे, दुकानं जवळ आहेत. झुआरी पुलावर बंद पडली तर बॉनेटला हातही लावू नका, आधी गाडी पुलावरून खाली न्यायची सोय बघा. अनमोड घाटात दोन्ही बाजूंना अभयारण्याचं जंगल, पावसात धुकं, मोबाइलला रेंज असली तर असली. एक भरलेला ट्रक वळणावर अडला की वरची आणि खालची दोन्ही वाहतूक खोळंबते. अशा ठिकाणी दुरुस्ती दहा मिनिटांची असली तरी वाकून काम करणारा माणूस मागून येणाऱ्याला दिसत नाही. त्रिकोण गाडीला चिकटून ठेवू नका, वळणाच्या अलीकडे ठेवा. चाकांना दगड लावाल तेव्हा काळा दगड शोधा. आमच्या इथे कडेला जांभ्या दगडाचे चिरे पडलेले असतात, हाताशी येतात म्हणून तेच लावले जातात. पण पावसात भिजलेला चिरा भरल्या गाडीच्या वजनाखाली बिस्किटासारखा चुरतो. मी तो चुरताना पाहिलाय, जॅक लावलेला असताना. कडेच्या लाल मातीवरही जॅक रुततो. खाली जाड फळी हवीच.

आता ओढून न्यायचं. लोकांना वाटतं, हा सुरक्षित पर्याय. दोर लावला की झालं. गाडीचं सर्वांत मोठं नुकसान माझ्याकडून झालं ते ओढून नेतानाच. भरल्या गाडीने अनमोड चढताना क्लच प्लेट जळाली. तसे मोलेपर्यंत उतरलो, तिथून ओळखीच्या ट्रकने टोचन करून मडगावला नेली. गिअर न्यूट्रल होता, म्हणून मी निश्चिंत. दोन दिवसांनी नवी क्लच प्लेट बसली आणि गिअरबॉक्स रडायला लागला. मिस्त्रीने विचारलं, "जॉईंट खोलला होता काय?" गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा जॉईंट. नव्हता खोलला. गिअरबॉक्समधलं ऑइल उडवणारा खालचा शाफ्ट इंजिनाच्या जोरावर फिरतो. इंजिन बंद आणि मागची चाकं फिरताहेत, म्हणजे वरचा शाफ्ट कोरडाच गरगरतो. चार बोल्ट खोलून जॉईंट बांधून ठेवला असता तर बेअरिंग वाचली असती. क्लच प्लेटपेक्षा गिअरबॉक्सचं काम महाग पडलं.

आणि हवा. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, कॉम्प्रेसर बंद म्हणजे हवा भरत नाही. हवा उतरली की मागच्या चाकांचा स्प्रिंगवाला ब्रेक आपोआप लागतो आणि चाकं जाम होतात. नवा माणूस म्हणतो, हब जाम झाला. बूस्टरच्या, म्हणजे ही स्प्रिंग असलेल्या चाकाजवळच्या डब्याच्या, मागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आत ओढता येते, मग चाक मोकळं होतं. पण त्या क्षणापासून गाडीला कुठलाच ब्रेक उरत नाही, म्हणून आधी दगड आणि पुढच्या गाडीची जोडणी, नंतर बोल्ट. बूस्टरचा पट्टा मात्र कधीही खोलू नका. आतली स्प्रिंग माणूस मारते. अशी ब्रेक नसलेली गाडी दोरावर घेऊन घाट उतरायचा नसतो. लोखंडी रॉड हवा, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त. इंजिन बंद असल्यामुळे पॉवर स्टिअरिंगही नसतं, हे पहिल्या वळणावर दंडांना कळतं. पुढची चाकं उचलून नेणारी क्रेन मिळत असेल तर पैसे द्या.

बहुतेक वेळा खरं उत्तर या दोन्हींच्या मधलं असतं. गाडी हलवायची नाही, मिस्त्रीला गाडीजवळ आणायचं. माझा हिशेब साधा आहे. कारण कळलं असेल आणि पार्ट गाडीत असेल तर स्वतः. कारण कळलं पण पार्ट नाही, तर मिस्त्री पार्ट घेऊन येईल. पाऊण तास शोधूनही कारण सापडलं नाही, तर पाना खाली ठेवायचा, कारण त्यानंतर माणूस हट्टाने चांगले नटही खोलायला लागतो. इंजिनातून ठोक्याचा आवाज येत असेल किंवा ऑइलचा दाब गेला असेल, तर पाऊण तासही नको, पुन्हा चावी मारायचीच नाही. नाशवंत माल असेल तर गाडीच्या आधी मालाचा फोन. दुसरी गाडी बोलावून माल तिच्यात चढवा, मग निवांतपणे कपाळाला हात लावा.

विम्याचं एकदा वाचून ठेवा. ओढून न्यायचा खर्च साधारणपणे अपघातात धरतात, नुसत्या बिघाडाला वेगळं रोडसाइड कव्हर घ्यावं लागतं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, तो केबिनमध्ये लिहून चिकटवा.

आणि फोन करायला शिका. "गाडी बंद पडली, या" एवढ्यावर मिस्त्री रिकाम्या हाताने येतो आणि पार्ट आणायला परत जातो. मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीवरच्या नव्या पोराने चोर्ल्याहून फोन केला. काटा किती, दिवा कुठला लागलाय, धूर पांढरा की काळा, बंद पडायच्या आधी आवाज कसला झाला, भरलेली की रिकामी, कुठल्या वळणाच्या वर, सगळं एका दमात. शेवटी म्हणाला, "दगड लावलेत, काळे. बेल्ट तुटलाय, पण त्याची पुलीही डगमगतेय, म्हणून गाडीतला बेल्ट चढवला नाही."

मिस्त्री पुली घेऊन गेला.