धुराची मात्रा कमी करताना: सांगलीकरांसाठी श्वासाची काळजी

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की सांगलीच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे काळे, तंतूंसारखे तुकडे येऊन पडतात. त्यांना बोट लावले तर ते पसरतात आणि पांढऱ्या सदऱ्यावर काळा ओरखडा उमटतो. म्हणून ते हाताने न झटकता फुंकर मारून उडवावेत, हे इथे घराघरांत ठाऊक असते. शिवारात पेटवलेल्या पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांची, ही राख वाऱ्याबरोबर शहरात येते. कपडे खराब होतात म्हणून आपण तिच्यावर चिडतो, परंतु डोळ्यांना दिसणारी ही काजळी श्वासातून गेली तरी बहुतांशी नाकातच अडकते. तिच्याच बरोबर आलेले, डोळ्यांना न दिसणारे कण मात्र पुढे जातात आणि पुढे लिहिलेली सगळी काळजी त्यांच्यासाठी घ्यायची आहे.

हवेतील कण त्यांच्या आकारावरून ओळखले जातात. दहा मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांना पीएम १० म्हणतात. ते घसा आणि मोठ्या श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात व खोकला, शिंका, घशाची खवखव यांना कारण होतात. अडीच मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे कण पीएम २.५ या नावाने ओळखले जातात. ते फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतील सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे शरीरात सतत सौम्य दाह राहतो, रक्तवाहिन्या कडक होऊ लागतात आणि रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते. प्रदूषित हवेचा विषय निघाला की आपल्याला दमा आठवतो. प्रत्यक्षात तिचा मोठा फटका हृदयविकार आणि पक्षाघात या रूपांत बसतो, आणि ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी असे मला मनापासून वाटते. फुप्फुसांचा दीर्घकालीन अडथळ्याचा विकार, लहान मुलांचा न्यूमोनिया आणि कमी वजनाचे बाळ जन्माला येणे यांच्याशीही या कणांचा संबंध स्पष्टपणे दिसून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरील प्रदूषित हवेचा समावेश कर्करोगाला निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला.

हा प्रश्न दिल्लीचा आहे, आपला नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेच्या राष्ट्रीय मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील इतर शहरांबरोबर सांगलीचेही नाव आहे. भारताच्या मानकानुसार पीएम २.५ चे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. म्हणजे देशी मानकात बसणारी हवाही निर्धोक असते असे मानण्याचे कारण नाही.

श्वास थांबवता येत नाही आणि शहर सोडणे बहुतेकांना शक्य नसते. आपल्या हातात असते ती शरीरात जाणाऱ्या धुराची मात्रा. ही मात्रा तीन गोष्टींवर ठरते: हवेत कण किती आहेत, त्या वेळी आपण किती जोराने श्वास घेत आहोत, आणि तिथे किती वेळ थांबलो आहोत. म्हणून सर्वप्रथम एका कागदावर आपल्या दिवसाचे तास लिहावेत आणि त्यांपैकी कोणत्या तासांत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात ते पाहावे. बहुतेकांच्या दिवसात असे दोन-तीन तासच निघतात. तेवढे बदलले तरी मात्रा बरीच उतरते.

अनेकांच्या कागदावर यांतील पहिला तास पहाटेच्या फिरण्याचा असतो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार व जड होऊन खालीच राहते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. चुली, शेकोट्या, पेटवलेला कचरा, रात्रभर धावणारे ट्रक यांचा धूर या झाकणाखाली कोंडून राहतो. ऊन चढून जमीन तापल्यावरच तो वर जातो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. भरभर चालताना ती तीन-चार पट होते. शिवाय धाप लागली की आपण तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे नाकाची चाळणी वगळली जाते. माझे वडील निवृत्तीनंतर कित्येक वर्षे डिसेंबर-जानेवारीतही पहाटे साडेपाचला सांगली-मिरज रस्त्याच्या कडेने फिरत. घरी आल्यावर दारातल्या पायरीवर बसून पाच-सात मिनिटे खोकत आणि मगच चपला काढत. दम्याचे निदान झाल्यावर त्यांची फिरण्याची वेळ साडेआठ आणि जागा आमराई अशी ठरली. इनहेलर आणि हा बदल या दोहोंनी मिळून पायरीवरचे ते बसणे थांबले. चालणे बंद करू नये, कारण त्याचा लाभ मोठा आहे. केवळ थंडीच्या दिवसांत ते ऊन आल्यानंतर आणि मोठ्या रस्त्यापासून आत करावे. वाहनांच्या धुराचे प्रमाण रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावरच बरेच उतरते, म्हणून समांतर जाणारी आतली गल्लीसुद्धा पुरते.

रस्त्यावरील तासासाठीही हेच सूत्र लावावे. विश्रामबागेतून मिरजेला दुचाकीने जाताना सिग्नलवर ट्रक किंवा बसच्या मागे न थांबता थोडे अंतर सोडून, बाजूला थांबावे. मुलाला शाळेतून आणताना फाटकाबाहेर गाडी सुरू ठेवून उभे राहू नये. मुलाचे नाक वाहनांच्या धुराड्याच्या पातळीवर असते आणि वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते. चारचाकीत असाल तर गर्दीच्या पट्ट्यात काचा लावून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे आणि मोकळ्या रस्त्यावर ते पुन्हा सोडावे.

तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ किंवा रुमाल ऊन अडवतो, डोळ्यांना दिसणारी धूळही थोडीफार अडवतो, पीएम २.५ त्यातून सहज आत जाते. त्यासाठी एन ९५ मुखपट्टीच लागते, आणि तीही चेहऱ्याला घट्ट बसली तरच उपयोगी पडते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी, जोरात श्वास सोडून कडेने हवा निसटते का ते पाहावे. दाढी असल्यास मुखपट्टी नीट बसत नाही. ती धुऊ नये. आतून मळली किंवा श्वास घेणे जड वाटू लागले की बदलावी. हृदयाचा अथवा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी ती वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या अॅपवर हवेचा निर्देशांक पाहता येतो. ० ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे वाईट अशी त्याची साधारण वाटणी आहे. यात एक बारकावा आहे: कणांसाठी दाखवला जाणारा आकडा मागील २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. त्यामुळे सकाळी सातला गल्लीत कोणी कचरा पेटवला असेल, तर तो धूर त्या आकड्यात दिसणार नाही. आकडा मध्यम असला आणि नाकाला धूर जाणवत असला, तर नाकावर विश्वास ठेवावा आणि व्यायाम त्या दिवशी घरात करावा.

घरातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा शुद्ध असते हा समज मला सर्वांत घातक वाटतो. एका अभ्यासात एका डासांच्या कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले, आणि ती कॉइल आपण खिडक्या लावून, झोपलेल्या बाळाच्या खाटेखाली ठेवतो. तिच्याऐवजी मच्छरदाणी बांधावी आणि खिडक्यांना जाळी बसवावी. उदबत्ती, धूप लावल्यास तेवढा वेळ खिडकी उघडी असावी. फोडणी देताना एक्झॉस्ट पंखा आधीच सुरू करावा. जमीन कोरड्या केरसुणीने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचेच असेल तर सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचे, खोलीच्या आकाराला पुरेल असे घ्यावे. ओझोन सोडणारे घेऊ नये.

सांगलीला धुळीचे आणखी एक कारण आहे, जे कोरड्या गावांना ठाऊक नसते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णेचे पाणी ओसरले आणि घराघरांत, गल्ल्यांत गाळ राहिला. ओला असताना तो केवळ चिकट वाटतो. ऊन पडले की त्याचे पीठ होते आणि प्रत्येक वाहनामागे उडते. म्हणून गाळ ओला असतानाच फावड्याने भरून काढावा, वाळल्यास पाणी शिंपडल्याशिवाय झाडू नये, आणि हे काम दम्याच्या रुग्णाला देऊ नये. भिजलेल्या भिंतींवर नंतर बुरशी धरते. तीही दमा उसळवते.

गूळ खाल्ला की फुप्फुसातील धूळ निघून जाते, असे आपल्या गुळाच्या मुलखात आवर्जून सांगितले जाते. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. वायुकोशात बसलेल्या कणाशी त्याची गाठच पडत नाही. वाफ घेतल्याने चोंदलेले नाक मोकळे होते, त्याहून अधिक काही होत नाही. ज्याला इनहेलर सांगितला आहे त्याने तो बरे वाटते म्हणून स्वतःहून बंद करू नये, सवय लागते या भीतीने तर मुळीच नाही. पाचट पेटण्याच्या दिवसांपूर्वीच डॉक्टरांना भेटून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे आणि फ्लूच्या लसीबद्दल विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला तपासून घ्यावा. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा छातीत दाबल्यासारखे दुखत असेल, तर थांबू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहे. गल्लीत तो पेटलेला दिसल्यास छायाचित्र, ठिकाण आणि वेळ यांसह महानगरपालिकेकडे तक्रार द्यावी. पाचटाचे मात्र तक्रारीने भागत नाही, कारण ते पेटवणारे हात बहुधा आपल्याच घरचे असतात. सांगलीत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा ऊस मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत उभा असतो आणि तो भाऊ किंवा चुलते बघतात. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते एक आड एक सरीत दाबून किंवा यंत्राने कुट्टी करून, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, तर खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर त्याच बुंध्यांतून फुटणाऱ्या उसाला, ओल टिकते, तण कमी उगवते आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळते. तोड झाल्यावर दोन-तीन दिवसांतच पाचट पेटवले जाते, म्हणून तोडणीची टोळी फडात उतरण्याआधीच दादांना किंवा काकांना फोन करावा आणि कुट्टी यंत्राच्या भाड्यातील आपला वाटा देण्याचे तेव्हाच कबूल करावे.