हायब्रिड ट्रेलर घेतलाय? पहिल्या मुक्कामाआधी एवढं करा

चार-पाच वर्षं सहलीला तंबूत मुक्काम केला की घरातलं कुणीतरी एक दिवस म्हणतंच, "आता खाली झोपवत नाही." आमच्याकडे ते आईनं म्हटलं, चिखलदऱ्याच्या थंडीत. त्याच हंगामाचा कापूस विकून आम्ही हायब्रिड ट्रेलर घेतला. मधला डबा पक्का, पत्रा आणि प्लायचा. पुढच्या आणि मागच्या टोकाला बाहेर उघडणारे दोन पलंग, त्यांच्यावर कापडी छत. आमच्या घरात त्यांना पंख म्हणतात. मिटलेला असला की बोलेरोमागं गुमान येतो, उघडला की सहाजणांची झोपायची सोय होते.

नवीन मालक आतला ओटा, दिवे आणि गाद्या बघत बसतो. मीही तेच केलं. ट्रेलर टिकतो की बिघडतो हे मात्र दोन गोष्टींवर ठरतं: ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांडीवर दाब किती आहे आणि कापड कोरडं आहे की नाही. म्हणून त्या दोन्हींबद्दल सविस्तर सांगतो, बाकीचं जरुरीपुरतं.

आधी कागद

ट्रेलरला इंजिन नसलं तरी मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. नंबर वेगळा, विमाही वेगळा. बनवणाऱ्याकडे मंजुरीची कागदपत्रं नसतील तर ट्रेलर कितीही देखणा असू द्या, बयाणा देऊ नका. ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत ती किती वजन ओढू शकते ते शोधा. ते सापडलं नाही तर अधिकृत सेवा केंद्रातून लेखी घ्या. "आमच्या गावात तर एवढं सगळेच ओढतात" हा आधार धरू नका. एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की ठेवा: चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. पोरं हट्ट करतील, तरीही नाही.

उलाळ की धुरजड, हे काट्यावर बघा

ज्यानं बंडी हाकली आहे त्याला ही गोष्ट समजवावी लागत नाही. वजन मागं जास्त झालं की बंडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त झालं की धुरजड होते, सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो. ट्रेलरचंही तसंच आहे. उलाळ ट्रेलर वेगात शेपटासारखा डावी-उजवीकडे मारू लागतो आणि गाडीचं मागचं टोक सोबत ओढतो. धुरजड ट्रेलरनं गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नीट लागत नाहीत.

बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलरची दांडी बसते त्यावर, किती दाब हवा? ट्रेलरच्या भरलेल्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. ते मोजायला आपल्याकडे सोय हाताशी आहे. बहुतेक तालुक्याच्या गावाला जिनिंगचा किंवा बाजार समितीचा काटा असतो. कापसाच्या हंगामात तिथं गाड्यांची रांग असते, तेव्हा दुपारी जरा उसंत असेल अशी वेळ बघून जा. मुक्कामाला निघताना जसा भरता तसाच भरलेला ट्रेलर न्या: पाणी, सिलिंडर, गाद्या, भांडी सगळ्यांसकट.

पहिल्यांदा ट्रेलर गाडीपासून सोडून, पुढच्या टेकूचाकासह पूर्ण काट्यावर उभा करा. समजा ९०० किलो भरला. मग गाडीला जोडा, गाडी काट्याखाली उतरवा आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवा. आता समजा ७९० भरला. फरक ११० किलो, हा तुमचा बॉलवरचा दाब. ९०० च्या मानानं बारा टक्क्यांच्या थोडा वर, म्हणजे ठीक. हे ११० किलो गाडीच्या मागच्या धुरीवर येणार आहेत हे लक्षात ठेवून डिकीतलं सामान तेवढं कमी करा.

आमच्या पहिल्या लांबच्या फेरीत, लोणारला जाताना, अमरावती–अकोला रस्त्यावर एक लक्झरी जोरात ओव्हरटेक करून गेली आणि तिच्या वाऱ्यानं ट्रेलर डोलायला लागला. दोन झोके, तीन झोके, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. हात-पाय गार पडले. कसाबसा कडेला घेतला. घरी आल्यावर शेजारच्या काकाजींनी दांडी एका हातानं उचलून पाहिली आणि म्हणाले, "हे तं उलाय झाली न राजा. बंडी असती तं बैल टांगले असते." काट्यावर नेला तेव्हा ८६० किलोत बॉलवर फक्त ४५ किलो निघाले. पाण्याची टाकी चाकांच्या मागं, कूलरही मागं, पिठाचा डबासुद्धा मागं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि ते कुठं बसलंय त्यावर सगळं गणित फिरतं. आता आम्ही टाकी मुक्कामाच्या गावात भरतो आणि जड सामान चाकांच्या किंचित पुढं, खाली, मध्यभागी बांधतो.

ट्रेलर डोललाच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि स्टिअरिंगनं त्याच्याशी भांडू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू उचला. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावायची सोय असेल तर फक्त तेवढेच लावा. ब्रेक असलेला ट्रेलर मिळत असेल तर तोच घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. चिखलदऱ्याचा घाट उतरताना त्याची किंमत कळते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

चाकं आणि वंगण

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२३ असेल तर २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हात उभे राहून म्हातारे होतात, म्हणून नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनी बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना दुपारी हवा वाढलेली दिसते. ती काढू नका, संध्याकाळी टायर निवला की कमी पडेल. समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास एका वेगानं जाऊ नका. थांबा, टायरला हात लावून बघा.

नव्या ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत आवळायचे असतात. पहिल्या थांब्याला चाकाच्या मधल्या हबला हात लावा. कोमट असेल तर बरोबर, हात ठेववत नसेल तर बेअरिंगला ग्रीस कमी आहे किंवा ते जास्त आवळलंय. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून ग्रीस भरा. बंडीच्या चाकाला वंगण न घालता बाजाराला कुणी गेलंय का?

उलटा घेणं

हे पुस्तकातून येत नाही. गावात ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली रोज उलटी घेणारा पोरगा असतो, त्याला चहा पाजा आणि तूर निघालेल्या वावरात दोन संध्याकाळी शिका. सोपी खूण एवढीच: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, हात जिकडे सरकेल तिकडे ट्रेलरचं मागचं टोक जाईल. थोडं फिरवा, थांबा, बघा. ट्रेलर आणि गाडी कोनात आली की पुढं घेऊन पुन्हा सुरुवात करा.

मुक्कामी उघडायचा क्रम

इथं क्रम चुकला की इजा होते, म्हणून सुरुवातीला तो कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा.

१. जागा चढावर नको, झाडाच्या वाळलेल्या फांदीखाली नको. आधी डावी-उजवी पातळी साधा, बुटक्या बाजूच्या चाकाखाली फळी घालून.
२. दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा. लाकडी ठोकळे सोबतच ठेवा, रानातला गोल दगड घसरतो.
३. मगच ट्रेलर गाडीपासून सोडा आणि टेकूचाकानं पुढची-मागची पातळी साधा.
४. चारही कोपऱ्यांचे जॅक जमिनीला टेकवा. हे आधारासाठी आहेत, ट्रेलर उचलण्यासाठी नाहीत.
५. आता पंख उघडा, खालचे आधार-दांडे खटक्यात बसले का ते हातानं ओढून बघा, आणि त्यानंतरच कुणाला वर चढू द्या.

मिटताना उलट क्रम: पंख आधी, जॅक नंतर. जॅक वर घेतल्यावर पंखावर कुणी बसलेलं असेल तर ट्रेलर मागं कलंडू शकतो. पंखावर किती वजन चालतं ते पट्टीवर लिहिलेलं असतं. त्यात गादी आणि रजईही धरा.

आपली काळी माती इथं वेगळी काळजी मागते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती लोण्यासारखी होते. जॅकखाली एक-एक फूट रुंदीची जाड फळी टाकल्याशिवाय टेकवूच नका. रात्रीत एक कोपरा चार बोटं खचला तर सकाळी दार उघडत नाही. पावसाळ्यात पांदणीनं आत शिरण्याआधी पायी जाऊन बघा. टाच रुतली तर ट्रेलर रुतणार, आणि ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागेल.

कापड

पंखांचं कापड कोणतं आहे ते आधी विचारा. सुती किंवा सुती-पॉलिएस्टर कॅनव्हास असेल तर पहिल्या मुक्कामाआधी अंगणात पंख उघडून ते पाइपानं पूर्ण भिजवा, पूर्ण वाळू द्या. असं दोन-तीनदा करा. धागे फुगतात आणि शिवणीच्या सुईची भोकं भरून येतात. पहिल्या वेळी थेंब आत आले म्हणून घाबरू नका, तिसऱ्या वेळी थांबतात. प्लास्टिकचा लेप असलेल्या कापडाला हे लागत नाही, तिथं शिवणीवर सीलंट लावावा लागतो.

पावसात आतून कॅनव्हासला गादी, उशी, पोराचा पाय टेकू देऊ नका. जिथं टेकतं तिथून पाणी झिरपतं.

ओलं कापड मिटायची वेळ येतेच. सकाळी निघायचंय आणि पाऊस थांबत नाही. मिटा, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उघडा. मी एकदा श्रावणात ओला ट्रेलर गोठ्याशेजारी लावला आणि सोयाबीनच्या फवारणीला लागलो. आठवड्यानं उघडला तेव्हा आतून ओल्या कडब्याच्या गंजीसारखा वास आला, आणि आईच्या बाजूच्या पंखावर काळे ठिपके, मोहरी उधळावी तसे. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून मऊ ब्रशनं घासलं, उन्हात वाळवलं. बुरशी गेली, डाग राहिले. कपड्याचा साबण आणि ब्लीच मात्र वापरू नका, कापडाचा पाणी झटकण्याचा गुण निघून जातो. धुतल्यावर त्यासाठीचा फवारा परत मारा.

पत्र्याचं छप्पर आणि चौकट जिथं मिळतात तिथला सीलंट मृग लागायच्या आत दरवर्षी बघा. तिथली केसाएवढी चीरही प्लाय कुजवते, आणि बाहेरून ते दिसत नाही.

मे महिन्यातली झोप

हायब्रिडला एसी बसवायचा विचार असेल तर थांबा. कापडातून गारवा राहत नाही. कोरड्या उन्हाळ्यात आपला कूलर इथं खरा कामाचा, कारण त्याला खिडकी उघडी लागते आणि पंखांना खिडक्याच खिडक्या आहेत. हवेच्या दिशेला कूलर लावा, समोरच्या पंखाची जाळी उघडी ठेवा. छोटा कूलर साधारण १०० वॅट घेतो. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी अर्ध्याखाली उतरू द्यायची नसते, म्हणजे रात्रीचे पाच तास धरा. बॅटरी विसावलेली असताना १२.१ व्होल्टच्या आसपास दिसली की अर्धी संपली. पक्क्या छपरावर सोलर पॅनल टाकणं मला म्हणूनच पटतं. जुलैत हवा दमट झाली की कूलर काम करत नाही, तेव्हा साधा पंखा.

कुणाच्या घरून वीज घेणार असाल तर तिथलं अर्थिंग टेस्टरनं तपासा आणि ट्रेलरमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या.

गॅस आणि आग

सिलिंडर उभा, बांधलेला, आणि गाडी चालू असताना बंद. जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो, म्हणून फरशीजवळचं झरोक्याचं तोंड चटईनं झाकू नका. पंख उघडे असताना जेवण शक्यतो बाहेर शिजवा. कोळशाची शेगडी थंडीत ऊब म्हणून आत कधीच घेऊ नका. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

वादळ, वानरं, जंगल

अवकाळी वादळ आपल्याकडे दहा मिनिटांत येतं. रात्री झोपताना दाराबाहेर सावलीसाठी ताणलेलं छत नेहमी गुंडाळून ठेवा. विजा कडाडू लागल्या की कापडाखाली थांबू नका, सगळे गाडीत बसा, काचा वर घ्या.

वानरांना कॅनव्हास म्हणजे घसरगुंडी. आत केळी किंवा संत्री ठेवून फिरायला गेलात तर ती फाडून आत शिरतात. खाणं पक्क्या भागातल्या बंद डब्यात ठेवा. ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा यांच्या आसपास फक्त परवानगी असलेल्या कुंपणाच्या जागेतच मुक्काम करा. बिबट आणि अस्वलाच्या मुलखात कापडी पंखात झोपायचं नाही, एवढं आमच्या घरात ठरलेलं आहे. तिथं मुक्काम पक्क्या खोलीत.

परत आल्यावर ट्रेलर झाडून काढा, अन्नाचा कण ठेवू नका, टाकी रिकामी करा. चाकांखाली फळ्या घाला, प्लाय जमिनीपासून वर ठेवा, नाहीतर वाळवी चढते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडीप बघून पंख उघडायचे आणि दोन-तीन तास ऊन दाखवायचं. आमच्याकडे हे काम आईनं स्वतःकडे घेतलंय. ती कापडाला गाल लावून ओल बघते, आणि तिनं हो म्हटल्याशिवाय आम्ही मिटत नाही.