बायबलची वचनं चालीत बसवून पाठ कशी करावीत

संडे स्कूलच्या पाठांतर स्पर्धेत हमखास दिसणारी गोष्ट: मूल वचन घडाघडा म्हणतं आणि 'कुठलं वचन?' विचारलं की छताकडे बघतं. मोठ्यांचं बरोबर उलट. संदर्भ तोंडावर असतो, शब्द निम्म्यात गळतात. दोन्ही दुखण्यांवर चाल हा चांगला उपाय आहे, पण ती लावायची कशी हे ठाऊक हवं.

फादर स्टीफन्स यांचं १६१६ सालचं 'ख्रिस्तपुराण' ओवीत आहे, ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले. तिथे ताल शब्दांतच असतो. आपण पाठ करतो ते मात्र गद्य. त्यामुळे ताल आपल्याला आणावा लागतो.

आधी भाषांतर एकच ठरवा. घरात जुनं पवित्र शास्त्र आणि मोबाइलमध्ये सोप्या भाषेतलं, असं असेल तर आठवड्याभरात दोन्हींची खिचडी होते. मग वचन मोठ्याने वाचा आणि श्वास जिथे आपोआप तुटतो तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारा. हे तुकडे म्हणजेच तुमच्या ओळी.

आता ताल. नव्या करारातल्या गलतीकरांस पत्रातलं ५:२२-२३, म्हणजे पाचव्या अध्यायातली बावीस-तेविसावी वचनं, घेऊ, कारण त्यात नऊ गुणांची यादी आहे आणि यादीतलाच एखादा गुण नेहमी निसटतो. दादरा ताल धरा, सहा मात्रा, मांडीवर बोटांनी. प्रत्येक गुणाला एक आवर्तन, म्हणजे सहा मात्रांची एक पूर्ण फेरी. 'प्रीती'ची दोन अक्षरं, म्हणून प्रत्येकी तीन मात्रा लांबवा. 'आनंद' तीन अक्षरी, प्रत्येकी दोन. 'शांती' पुन्हा प्रीतीसारखी. 'सहनशीलता' म्हणजे स-ह-न-शी-ल-ता, सहा अक्षरं सहा मात्रांत नेमकी बसतात. 'ममता' आनंदासारखी. 'चांगुलपणा' आणि 'विश्वासूपणा' पाच-पाच, शेवटचा 'णा' एक मात्रा जास्त ओढा. 'सौम्यता' तीन. 'इंद्रियदमन' परत सहा, फक्त शेवटचा 'न' पूर्ण उच्चारा. तीन-तीन गुणांच्या तीन ओळी झाल्या. मधला एखादा विसरलात तर पूर्ण आवर्तन रिकामं जातं आणि हाताला लगेच कळतं. 'आत्म्याच्या द्वारे निष्पन्न होणारे फळ' हा सुरुवातीचा भाग ठेक्यात कोंबू नका, एका सुरावर नुसता म्हणा. चालीसाठी वचनातला शब्द बदलणं किंवा गाळणं तर अजिबात नको. शब्द बसत नसेल तर चाल बदला.

स्वर साधे ठेवा, सा ते प एवढ्यात. पाळण्याची किंवा जात्यावरच्या ओवीची ओळखीची चाल उत्तम. गाजलेल्या सिनेगीताची चाल मुलांना आवडते, पण तिचे मूळ शब्द मधेच डोकं वर काढतात, म्हणून माझं मत तिच्या विरुद्ध आहे.

चाल प्रत्येक तुकड्याला तीच फिरवा. स्मरणशक्तीवर संशोधन करणाऱ्या वांडा वॉलेस यांच्या १९९४ सालच्या प्रयोगांत हेच दिसलं: एकच चाल तीन कडव्यांना लावली तेव्हा गायलेले शब्द बोललेल्यांपेक्षा जास्त आठवले. एकच कडवं ऐकवल्यावर मात्र नुसतं बोललेलंच जास्त लक्षात राहिलं. नवी चाल ही स्वतःच एक पाठांतर असते.

संदर्भही गा. सुरुवातीला 'गलतीकरांस पाच, बावीस-तेवीस' आणि शेवटी पुन्हा तेच. पुढे स्पर्धेत छताकडे बघावं लागत नाही.

मग स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. पेटी नसली तरी चालेल, तानपुऱ्याचं अ‍ॅप पुरे. ठाणे-वाशी लोकलचा प्रवास याला अगदी सोयीचा आहे. ऐरोलीपर्यंत फक्त ऐका. घणसोलीपर्यंत ओठांतल्या ओठांत सोबत म्हणा. कोपरखैरणे आलं की इयरफोन काढा आणि वाशीपर्यंत आठवून म्हणा. गर्दीत हात मोकळे नसतील तर पायाच्या अंगठ्याने ठेका धरता येतो, कुणाला कळतही नाही.

पुढची पायरी बहुतेकजण गाळतात: चाल काढून घेणं. वचन कुणाला सांगायचं असतं तेव्हा आपण गात नाही, बोलतो. म्हणून चार-पाच दिवसांनी तेच वचन संथ, बोलण्याच्या लयीत म्हणा. अडलात तर फक्त तेवढी ओळ गा, शब्द सापडला की परत बोलण्यावर या. मग मधूनच सुरुवात करा. घरच्यांना विचारायला सांगा, 'ममतेनंतर काय?' पहिल्यापासून गात आल्याशिवाय उत्तर येत नसेल तर वचन अजून चालीच्याच ताब्यात आहे.

मोठा उतारा हवा असेल तर स्तोत्र १३६ घ्या. सव्वीस वचनं आणि प्रत्येकाच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. धृपद आयतं आहे, ते सगळ्यांनी म्हणायचं आणि पुढची ओळ एकेकाने. घरात तीन माणसं असली तरी जमतं.

पाठ झालेलं वचन दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने म्हणून बघा. रविवारी उपासनेला निघताना जुन्यातलं एक, नव्यातलं एक, एवढं पुरतं.